बर्फातली चेअरलिफ्ट : आहे ती नीट करावी, की हायस्पीड नवी बसवावी?

साखरपेठ_फिटर

गड्ड्याची जत्रा उरकली की सोलापुरातून उत्तराखंडातल्या औलीला नाहीतर काश्मिरातल्या गुलमर्गला जाणाऱ्यांची गडबड सुरू होते आणि परत आल्यावर तक्रार ठरलेली असते: चेअरलिफ्ट (फिरत्या दोरावर लटकत वर जाणाऱ्या खुर्च्या) हळू, रांग लांब, युरोपासारखी हायस्पीड लिफ्ट आपल्याकडे कधी येणार? माझं मत याच्या उलट आहे आणि ते हिशेबासकट मांडतो. चुकत असेल तिथे खोडून काढा. आपल्या बर्फाच्या ठिकाणी सध्या वेग विकत घ्यायची गरज नाही. साधी फिक्स ग्रिप लिफ्ट सुधारून घ्यावी आणि वाचलेला पैसा देखभालीत आणि शिकलेल्या माणसांत घालावा.

दोन जातींतला फरक आधी सांगतो. फिक्स ग्रिपमध्ये खुर्चीचा चिमटा वायररोपला कायमचा आवळलेला असतो. दोर ज्या वेगाने फिरतो त्याच वेगाने खुर्ची तुमच्या गुडघ्यामागे येते, म्हणून सेकंदाला २.३ ते २.५ मीटरच्या पुढे जाता येत नाही. डिटॅचेबलमध्ये, म्हणजे हायस्पीड लिफ्टमध्ये, स्टेशनात शिरताना चिमटा दोर सोडतो, खुर्ची रुळावर येते, टायरांच्या रांगेखालून जाताना तिचा वेग १ मीटरच्या आसपास उतरतो. माणसं बसली की पुढचे टायर तिला दोराच्या वेगाला आणतात आणि चिमटा परत बसतो. बाहेर दोर ५ मीटरने पळत असतो. चौघांच्या खुर्चीची अशी पहिली लिफ्ट १९८१ मध्ये अमेरिकेत ब्रेकेनरिजला लागली, म्हणजे तंत्र नवीन नाही.

आता रांगेचा हिशेब. रांग कमी होते ती दोन खुर्च्यांमधल्या सेकंदांनी. चौघांची खुर्ची दर ६ सेकंदांनी आली तर तासाला ६०० खुर्च्या, २४०० माणसं. फिक्स लिफ्ट २.५ मीटरने चालवा, खुर्च्या १५ मीटरवर लावा: ६ सेकंद. डिटॅचेबल ५ मीटरने चालवा, खुर्च्या ३० मीटरवर लावा: तेच ६ सेकंद. माणसं तेवढीच वर जातात. खुर्च्या अजून जवळ आणायच्या म्हटल्या तर चढणाऱ्याला वेळच उरत नाही.

मग मिळतं काय? बसून काढायचा वेळ कमी होतो. औलीची चेअरलिफ्ट सुमारे ८०० मीटरची आहे. एवढं अंतर २.३ ने पावणेसहा मिनिटांत होतं, ५ ने दोन मिनिटं चाळीस सेकंदांत. या तीन मिनिटांसाठी प्रत्येक खुर्चीला स्प्रिंगचा उघडझाप करणारा चिमटा, दोन्ही टोकांना टायरांच्या रांगा, ते फिरवणारे पट्टे, चिमटा दोरावर पक्का बसला का हे प्रत्येक फेरीला तपासणारे सेन्सर, खुर्च्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून अंतर मोजणारी यंत्रणा, एवढं सगळं येतं. किंमत दुपटीच्या वर जाते. एका टायरची हवा उतरली की त्याखालची खुर्ची मागे पडते, अंतर बिघडतं आणि कंट्रोल यंत्रणा लिफ्ट थांबवते. थांबवायलाच पाहिजे. पहाटे टायरांवर दव गोठलं तरी हेच होतं, रबर घसरतं.

साखर कारखान्यात काम केलेल्यांना हे लगेच कळेल. गाळप चार-पाच महिने, उरलेलं वर्ष ओव्हरहॉलिंग. गव्हाणीत पहिली मोळी पडायच्या आत साखळीचा प्रत्येक कडी-बोल्ट बघितलेला असतो. लिफ्टचंही तेच: डिसेंबर ते मार्च चालायची, उन्हाळ्यात खोलायची. ऑफ सीझनला हात लागला नाही तर कितीही भारी मशीन सीझनमध्ये उभं राहणार.

म्हणून माझं म्हणणं असं. चढायच्या जागी कन्व्हेयर पट्टा बसवा. लिफ्ट २.३ ने येते, पट्टा माणसाला ०.७ ने पुढे नेतो, पायाला लागणारा धक्का १.६ चाच राहतो. पट्ट्याच्या तोंडाशी खुर्चीच्या वेळेवर उघडणारं फाटक लावा. जुनी डीसी मोटर काढून एसी मोटर आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) घाला, सगळ्या पुल्यांचे रबर लायनर (अस्तर) आणि बेअरिंग बदला, ब्रेकचं हायड्रॉलिक युनिट नवीन घ्या, चिमट्यांची आणि दोराची मॅग्नेटिक तपासणी करून घ्या. एवढं झालं तर जुनी लिफ्ट नव्यासारखी चालेल.

जुळे_सोलापूर

हिशेब बरोबर आहे, माणसं चुकीची धरलीत ओ.

तुमचे ६ सेकंद स्की घातलेल्या माणसाचे आहेत. तो पुढे सरकत येतो, खुर्ची मागून लागली की तिच्याबरोबर घसरतो, वर पोचला की उतारावरून आपोआप बाजूला होतो. औलीत किंवा गुलमर्गला खुर्चीत बसणारे किती जण स्कीवर असतात? बहुतेक चालत आलेले असतात. भाड्याचे गमबूट, भाड्याचा कोट, हातात मूल, खांद्यावर पर्स. आपल्या माणसाला सवय गड्ड्यातल्या पाळण्याची. तिथे पाळणेवाला प्रत्येक पाळणा थांबवून आडवा दांडा लावतो. इथे खुर्ची थांबत नाही.

चालत चढणाऱ्यांसाठी फिक्स लिफ्टचा वेग सेकंदाला १ ते १.५ मीटरवर आणावा लागतो. १.३ धरा. खुर्च्या १५ मीटरवर, म्हणजे दर साडेअकरा सेकंदांना एक खुर्ची. तुमची २४०० माणसं १२५० वर आली. ८०० मीटरला सव्वादहा मिनिटं लागणार, तेही उघड्यावर, वाऱ्यात. शिवाय कोणी अडखळलं की थांबा, आणि फिक्स लिफ्टवर एक जण अडखळला की अख्खी लाइन लटकते.

डिटॅचेबलची खरी कमाई वेगाची नाही, या दोन वेगांना वेगळं करण्याची आहे. चढायच्या जागी चालीच्या वेगाची खुर्ची, बाहेर पळणारा दोर. म्हातारं माणूस असो की पाच वर्षांचं पोर, दोर हळू करावा लागत नाही.

कन्व्हेयरचं म्हणाल तर तो स्कीवाल्यासाठी उत्तम. चालत आलेला माणूस त्यावर उभा राहत नाही, चालायला लागतो. मग फाटकाने जुळवलेली वेळ गेली.

साखरपेठ_फिटर

चालणाऱ्यांचं प्रमाण मी धरलं नव्हतं, मान्य. पण मग उपाय खुर्चीत कशाला शोधायचा? चालणाऱ्यांना केबिन द्या, खुर्ची स्कीवाल्यांना ठेवा. गुलमर्गला तसंच आहे. गुलमर्ग ते कोंगडोरी हा गोंडोलाचा (दोरावरच्या बंद केबिनचा) पहिला टप्पा १९९८ चा, कोंगडोरी ते अफरवत दुसरा २००५ चा, केबिनमध्ये सहा जण. कोंगडोरीहून वर जाणारी चेअरलिफ्ट वेगळी आहे. केबिनमध्ये वाराही लागत नाही आणि पोर खाली पडायची भीतीही नाही.

जुळे_सोलापूर

मालक, गोंडोला म्हणजे डिटॅचेबलच की! गुलमर्गची केबिन स्टेशनात दोर सोडते, टायरांवर हळू होते, दार उघडतं, तुम्ही चढता, मग ती परत दोर धरते. तुम्ही वर जे जे भाग मोजलेत, चिमटा, टायर, पट्टे, अंतराची यंत्रणा, ते सगळं तिथे १९९८ पासून सुमारे ३००० मीटर उंचीवर चालू आहे. चालवणारे आणि ग्रीस करणारे बहुतेक आपलेच लोक आहेत. त्यामुळे आपल्याकडे डिटॅचेबल सांभाळता येणार नाही हा मुद्दा इथेच पडतो.

चिंचोळी_वायरमन

विजेपुरतं लिहितो, कारण दोघांनीही ती बाजूला ठेवली आहे.

तासाला २४०० माणसं म्हणजे सरासरी ८० किलो धरून सेकंदाला ५३ किलो वजन. चढ ३०० मीटरचा समजा. ५३.३ गुणिले ९.८१ गुणिले ३००, म्हणजे नुसतं उचलायला १५७ किलोवॅट. त्यावर पुल्यांचं घर्षण, गिअरबॉक्सचा तोटा आणि सुरू होतानाचा जोर. दोराचा वेग या हिशेबात येतच नाही, त्यामुळे उचलण्याची वीज दोन्हीकडे सारखी. साखरपेठकरांना तेवढा मुद्दा द्यायला हवा.

पण ‘डीसी काढून एसी ड्राइव्ह घाला’ हे वाटतं तेवढं सरळ नाही. तीन गोष्टींनी काम फसतं.

एक, उंची. मोटर आणि ड्राइव्हचं रेटिंग १००० मीटरपर्यंतचं असतं. त्यापुढे हवा विरळ होते, थंडावा कमी मिळतो, म्हणून दर १०० मीटरला साधारण १ टक्का कपात करावी लागते. ३००० मीटरवर २० टक्के गेले. २०० किलोवॅटची गरज असेल तर २५० चा ड्राइव्ह लागतो. बाहेर उणे १० आहे म्हणून चालेल असं म्हणू नका. ड्राइव्ह बंद खोलीत असतो आणि लिफ्ट मे महिन्यातही पर्यटकांसाठी फिरते.

दोन, आणि हे फार लोक विसरतात, संध्याकाळचा भार. सकाळी वर भरलेली, खाली रिकामी. चारनंतर उलटं: स्की नसलेले सगळे खुर्चीनेच परत येतात. वजन खाली ओढतं, मोटर जनरेटर होते, वीज ड्राइव्हमध्ये परत येते. तिला जायला वाट नसेल, म्हणजे ब्रेकिंग रेझिस्टर किंवा रिजनरेटिव्ह युनिट नसेल, तर आतलं डीसी व्होल्टेज चढतं आणि ड्राइव्ह ट्रिप होतो. मग भरलेली लाइन नुसत्या ब्रेकवर थांबते. दचका बसतो, दोर वरखाली झुलतो, खुर्च्या पुढेमागे हेलकावतात. लूमच्या (यंत्रमागाच्या) मोटरला हा प्रश्न येत नाही, क्रेनला येतो. म्हणून ड्राइव्ह निवडताना क्रेनवाल्याला विचारा.

तीन, डिझेल इंजिन. वीज गेली की लाइन रिकामी करायला ते लागतं. साध्या डिझेलमधलं मेण कडाक्याच्या थंडीत गोठतं, फिल्टर चोंदतो. हिवाळी डिझेल भरलेलं आणि टाकी-फिल्टरला हीटर हवा. बॅटरीही थंडीत बरीच ताकद सोडते, ती उबेत ठेवावी लागते. दर आठवड्याला दोन मिनिटं नुसतं सुरू करून बंद करणं ही चाचणी नव्हे, दोरावर भार देऊन चालवलं पाहिजे.

बाळीवेस_रोप

साखरपेठकर, ‘फिक्स म्हणजे कमी देखभाल’ हे दोराच्या बाजूने बघितलं तर खरं नाही.

फिक्स लिफ्टमध्ये चिमटा दोराच्या एकाच जागी आवळलेला राहतो. दोर प्रत्येक पुलीवरून जाताना वाकतो, पण चिमट्याखालचा तुकडा ताठ असतो. सगळा वाक चिमट्याच्या तोंडाशी येतो आणि तिथल्या तारा थकतात. म्हणून ठरलेल्या तासांनी प्रत्येक चिमटा दोरावर पुढे सरकवावा लागतो. ८०० मीटरच्या लाइनला दोर १६०० मीटरच्या वर, खुर्च्या १५ मीटरवर म्हणजे शंभरावर सात. प्रत्येक खुर्ची उचलून धरायची, चिमटा सैल करायचा, दोर पुसून तुटक्या तारा बघायच्या, सरकवायचा, टॉर्क रेंचने मापात आवळायचा, मग ओढून घसरतो का बघायचं. १०७ वेळा. हे काम चुकवलं की बाहेरून काही दिसत नाही, तारा आतून तुटत राहतात. डिटॅचेबलमध्ये चिमटा प्रत्येक फेरीला दोराची नवी जागा धरतो, थकवा आपोआप वाटला जातो. खुर्च्याही निम्म्या, ५४. त्या चिमट्यांनाही खोलून तपासावं लागतं, स्प्रिंगा मोजाव्या लागतात, पण ते शेडमध्ये टेबलावर होतं, टॉवरच्या वाऱ्यात नाही.

दोराचा जोड हा दुसरा विषय. दोर सहा पदरी असतो, आत प्लास्टिकचा गाभा. दोन टोकं जोडताना जोडाची लांबी दोराच्या जाडीच्या साधारण १२०० पट धरतात. ४० मिलिमीटरच्या दोराला ४८ मीटर. दोन्हीकडचे पदर एकाआड एक उलगडून एकमेकांच्या जागी गुंफत न्यायचे आणि शेवटी प्रत्येक पदराचं टोक गाभा काढून त्या पोकळीत दडवायचं. टोक नीट दडलं नाही तर तिथे गाठ फुगते, प्रत्येक पुलीवर टक् टक् आवाज येतो आणि लायनर कापला जातो. पुलीजवळ उभं राहून कान दिला तर जोड कधी गेला ते कळतं. चांगला जोड ऐकूच येत नाही.

आणि ताणाची गाडी, म्हणजे दोर ताठ ठेवायला टोकाचं मोठं चाक (बुलव्हील) ज्यावर बसवतात ती. दुपारचं ऊन आणि पहाटेची थंडी यांत ३० अंशांचा फरक धरला तर १६०० मीटरचा दोर ५७ सेंटिमीटरने आखडतो. बुलव्हीलची गाडी त्याच्या निम्म्याने, २९ सेंटिमीटर, पुढे सरकते. त्यात नवीन दोर पहिल्या वर्षी कायमचा लांबतो. गाडी मागच्या टोकाला टेकली की ताण धरायला जागाच उरत नाही. मग दोर कापून परत गुंफायचा, तोही सीझनच्या ऐन मध्यावर. नवीन दोर घातला की पुढच्या उन्हाळ्यात तो आखूड करायचं काम आधीच कंत्राटात लिहून घ्यावं. बहुतेक ठिकाणी भांडण इथेच होतं.

साखरपेठ_फिटर

बाळीवेस, चिमटे सरकवायचं काम मोठं आहे हे खरं. पण ते पान्याने होतं. स्प्रिंगचा चिमटा बिघडला तर पार्ट परदेशातून येईपर्यंत खुर्ची उतरवून ठेवावी लागते, आणि अशा पाच-सहा उतरल्या की लाइनचं गणित बदलतं.

गुलमर्गबद्दल मी माझं मत थोडं बदलतो. तिथे गोंडोला आहे, टायर-पट्टे ओळखणारी माणसं आहेत. तिथली पुढची चेअरलिफ्ट डिटॅचेबल घ्यायची तर घ्या, पण चिमटा गोंडोलाच्याच कंपनीचा, म्हणजे फ्रान्सच्या पोमाचा घ्या. निदान स्प्रिंगा, टायर, सेन्सर एकाच कपाटात ठेवता येतील. औलीला मात्र माझं आधीचंच म्हणणं आहे. एकटी लिफ्ट, आजूबाजूला दुसरं डिटॅचेबल नाही. तिथे फिक्स.

होटगीरोड

वेग, रांग, पार्ट या सगळ्याच्या आधी ब्रेक. त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

लिफ्टला तीन वेगळी अडवणुकीची साधनं लागतात. मोटर आणि गिअरबॉक्सच्या मधल्या शाफ्टवरचा सर्व्हिस ब्रेक. थेट बुलव्हीलच्या कडेला पकडणारा इमर्जन्सी ब्रेक. आणि उलटं फिरू न देणारा रोलबॅक अडसर. पहिला कितीही चांगला असला तरी गिअरबॉक्समधला शाफ्ट तुटला की तो निकामी, कारण तुटलेल्या भागाच्या पलीकडे बुलव्हील मोकळं फिरतं. वर २०० माणसं लटकलेली असतील तर ते उलटंच फिरणार. १६ मार्च २०१८ ला जॉर्जिया देशातल्या गुडाउरीला हेच दृश्य जगाने पाहिलं: खुर्च्या उलट्या धावत तळाच्या स्टेशनात आल्या आणि माणसं फेकली गेली. डिझेल इंजिनसुद्धा म्हणूनच मुख्य गिअरबॉक्सच्या भरवशावर ठेवू नये. बुलव्हीलला वेगळी दातेरी रिंग देऊन हायड्रॉलिक मोटरने तिथूनच फिरवायची सोय हवी.

दुसरी गोष्ट इटलीतल्या मोत्तारोनेची, २३ मे २०२१. तो केबलकार होता, चेअरलिफ्ट नाही, पण धडा सगळ्यांना लागू. ओढणारा दोर तुटला, आणि अशा वेळी पकडायचा इमर्जन्सी ब्रेक मुद्दाम अडकवून निकामी करून ठेवलेला होता. १४ माणसं गेली. सेफ्टी सर्किट सारखं ट्रिप होतं म्हणून ते बायपास करायचं हा रोग कारखान्यातही आहे आणि लिफ्टवरही. जुन्या लिफ्टची सुधारणा करताना पहिलं काम कंट्रोल पॅनेल उघडून किती जम्पर (बायपासच्या तारा) लागलेत ते मोजायचं. टॉवरवर दोर पुलीवरून उतरला की मोडणारी ठिसूळ पट्टी असते, ती मोडली की सर्किट तुटून लिफ्ट थांबते. तिच्या जागी कुणी तार बांधलेली असेल तर दोर उतरल्यावरही लिफ्ट फिरत राहणार.

आता सुटकेचं गणित बघा. ८०० मीटरची भरलेली फिक्स लाइन: चढत्या बाजूला ५३ खुर्च्या, २१२ माणसं. चार तुकड्या, एका खुर्चीला ६ मिनिटं धरा. प्रत्येकी १३-१४ खुर्च्या, म्हणजे ऐंशी मिनिटं. उणे तापमानात, उघड्यावर. डिटॅचेबल: २७ खुर्च्या, १०८ माणसं, पाऊण तासाच्या आत. या एका कारणासाठी मी जुळे सोलापूरच्या बाजूने आहे. त्रिकूटला, झारखंडमध्ये, एप्रिल २०२२ मध्ये रोपवे अडकला तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली आणि सुटका चाळीस तासांहून जास्त चालली. तीन जणांचा जीव गेला. सुटकेच्या दोऱ्या, बसायचे पट्टे आणि दरवर्षी बर्फ पडायच्या आधी खऱ्या खुर्चीवर केलेला सराव हे लिफ्टच्या किमतीत धरायचं असतं, नंतर बघू म्हणायचं नसतं.

विजापूरवेस

दोन्ही बाजूंचं वाचलं. मला दोघांचंही पटत नाही, कारण तुम्ही लिफ्टची चर्चा करताय, जमिनीची नाही.

जोशीमठ ते औली रोपवे सुमारे चार किलोमीटरचा. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचायला लागली आणि तो बंद करावा लागला. दोर ठीक, मोटर ठीक, पायाखालची जमीन गेली. त्याच जिल्ह्यात १९९९ मध्ये चमोलीचा भूकंप झालेला आहे. औलीला फिक्स की डिटॅचेबल हा प्रश्न जमीन तपासायला बोअरहोल घेतल्याशिवाय विचारूच नये.

टॉवर थोडासा जरी कलला तरी काय होतं ते बाळीवेस सांगतीलच: दोर पुलीच्या मधोमध न बसता एका कडेला घासतो, लायनर एकाच बाजूने झिजतो, मग एखाद्या वाऱ्याच्या दिवशी दोर उतरतो. म्हणून प्रत्येक टॉवरच्या डोक्यावर सर्व्हेचा बिंदू ठेवून बर्फ वितळल्यावर आणि बर्फ पडायच्या आधी, वर्षातून दोनदा, मोजणी हवी. पायाचं काँक्रीट करायलाही तिथे जून ते सप्टेंबर एवढाच काळ, त्यातही मधे पाऊस. ५ अंशांच्या खाली काँक्रीट जवळपास घट्ट होतच नाही. ऑक्टोबरमध्ये घाईने ओतलेला पाया जानेवारीत भार घेणार असेल तर तो प्रकल्प एक वर्ष पुढे ढकललेला बरा. अँकर बोल्ट लोखंडी टेम्प्लेटमध्ये धरूनच ओतायचे. एक बोल्ट तिरका गेला की वर टॉवर तिरका, आणि तो परत सरळ होत नाही.

बाळीवेस_रोप

बरोबर सांगितलंत. एका कडेने झिजलेला लायनर दिसला की लायनर बदलून भागत नाही, टॉवर मोजायला माणूस बोलवायचा.

सातरस्ता

२०१७ ला गुलमर्गला झाड पडून अपघात झाला होता ना? वाऱ्यात खुर्ची बरी की केबिन?

होटगीरोड

हो, २५ जून २०१७. जोराच्या वाऱ्यात झाड उन्मळून आलं, सात जण गेले. लिफ्टच्या दोन्ही बाजूंना जितकी झाडाची उंची तितकी पट्टी मोकळी हवी, तेवढी तोडता येत नसेल तर दरवर्षी वठलेली आणि कललेली झाडं तरी काढायची. वाऱ्यात मोकळी खुर्ची केबिनपेक्षा कमी झुलते, कारण अडवायला अंगच नसतं. खुर्चीवर पारदर्शक झाकण बसवलं की ती सोय गेली. टॉवरवर वाऱ्याचा मीटर हवा आणि आकडा ओलांडला की लिफ्ट बंद, समोर कितीही तिकिटं फाटलेली असोत.

जुळे_सोलापूर

विजापूरवेस यांचा मुद्दा मानतो, पण त्यावरूनच एक सांगतो. जमीन नाजूक असेल तर टॉवर कमी लागणारी, भार कमी टाकणारी लिफ्ट घ्यावी. निम्म्या खुर्च्यांचा दोर हलका असतो. डिटॅचेबलची स्टेशनं मात्र जड, फिक्सच्या कितीतरी पट, हेही खरं. वरचं स्टेशन कुठे बसणार ते आधी ठरवा, मग जात ठरवा.

आणि साखरपेठकर, औलीला फिक्सच ठेवायची असेल तर एवढं तरी करा: चालणाऱ्यांसाठी वेगळी वेळ ठेवा. सकाळी दहापर्यंत आणि चारनंतर १.३ ने, मधे फक्त स्कीवाले २.३ ने. दोन्ही एकत्र रांगेत उभे केले की लिफ्ट सगळा दिवस हळूच चालते आणि स्कीवाला विनाकारण चिडतो.

साखरपेठ_फिटर

हे चालेल. ड्राइव्हला दोन वेग ठरवून कुलपी स्विच द्यायचा, ऑपरेटरच्या अंदाजावर सोडायचं नाही.

जाता जाता, करमाळ्याकडच्या केळीवाल्यांसाठी: जगातली पहिली चेअरलिफ्ट १९३६ मध्ये अमेरिकेत सन व्हॅलीला लागली. ती काढणारा जेम्स करन हा युनियन पॅसिफिक रेल्वेचा इंजिनियर. त्याने कल्पना घेतली ती केळीचे घड जहाजात चढवायच्या हुकांच्या साखळीवरून. घडाच्या जागी खुर्ची लटकवली.

सातरस्ता

फेब्रुवारीत घरचे अकरा जण जाणार आहोत, दोन लहान, आईला गुडघ्याचा त्रास. फिक्स लिफ्टवर चढताना नेमकं काय करायचं ते कुणी सांगा की.

जुळे_सोलापूर

रांगेतच चौघांचे गट करा, पोर मोठ्या माणसाच्या आणि ऑपरेटरच्या मधे, म्हणजे ऑपरेटर उभा असेल त्या बाजूला. पाठीवरची सॅक काढून पुढे मांडीवर घ्या, तिचे पट्टे खुर्चीच्या पाठीत अडकतात. ओढणी, मफलर, शाल कोटाच्या आत कोंबा. समोरची खुर्ची गेली की लगेच लाल रेघेपर्यंत चला आणि थांबा, मागे वळून आतल्या खांद्यावरून खुर्ची बघा, हाताने मधला दांडा किंवा पाठ धरा आणि नुसतं बसा, उडी मारू नका. कुणी पडलं तर उठायला जाऊ नका, आडवंच राहा, खुर्ची वरून निघून जाते. बसल्याबरोबर आडवा दांडा खाली घ्या, आधी ‘डोकं सांभाळा’ म्हणून ओरडा. वर पोचताना पाटी दिसेपर्यंत दांडा उचलू नका.

आईसाठी तिकीट काढायच्या आधी ऑपरेटरला सांगा, ‘स्लो करा.’ तो बटण दाबून तेवढ्या खुर्चीपुरती लिफ्ट हळू करतो. वरच्या माणसालाही फोनवरून कळवायला सांगा, कारण उतरताना गुडघ्याला जास्त लागतं. उतरल्यावर तिथेच उभं राहू नका, मागची खुर्ची दहा-अकरा सेकंदांत येते.